पाठीमागून येणारी बस

डेपोच्या मागच्या अंगणात भिंतीलगत चार सायकली एकामागे एक अशा लोखंडी स्टँडवर पक्क्या बसवल्या होत्या. मागचं चाक अधांतरी फिरायचं, सायकल मात्र जागची हलत नसे. चार ड्रायव्हरांनी त्यांवर बसून पॅडल मारायचं आणि पाचव्याने त्यांच्या शेजारून बस न्यायची. बसलेल्यांनी मागे वळून बघायचं नाही, एवढीच अट.

"हे काय वय आहे का आमचं?" मिश्या कुरकुरला. डेपोतला सगळ्यात अवजड ड्रायव्हर, ओठावर भला मोठा झुपका, म्हणून मिश्या. "सीट दिसतेय का बघा रे कुणाला. माझ्याखाली गडप झाली."

"काका, वय त्या सायकलीला विचारा," धाकटी म्हणाली आणि सगळे हसले. अण्णा सगळ्यात पुढच्या सायकलवर होते, तेही हसले.

धाकटी अण्णांची मुलगी. अण्णा डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर, आणि पोरीला बस शिकवली ती त्यांनीच. आजवर ती रोजंदारीवर तिकिटं फाडत होती; आज पास झाली तर ड्रायव्हर म्हणून कायम. नवरा गेल्यापासून ती लेकीला घेऊन माहेरी राहत होती, स्वयंपाकघरालगत पडदा लावून केलेल्या जागेत. वहिनी भांडी आपटायची ती नेमकी त्या पडद्यापाशी. काल धाकटीने एक खोली बघून ठेवली होती. एकच खोली, पण दार होतं. "आतून कडी लागते, बाबा," असं तिने घरी येऊन सांगितलं होतं.

मोठ्या रस्त्यावर मध्यंतरी बसचा नुसता वारा लागून एक शाळामास्तरीण सायकलवरून पडली होती आणि मागच्या गाडीखाली तिचा पाय गेला होता. त्यानंतर वरून या परीक्षेचा हुकूम आला, आणि हुकमाबरोबर या प्रशिक्षक मॅडम आल्या.

"उशीर झालाय असं समजून चालवा, रोज रस्त्यावर चालवाल तशी," मॅडम धाकटीला म्हणाल्या. मग सायकलवाल्यांकडे वळल्या. "बस थांबली की ज्याला वाटेल, या हातात रस्ता देऊ नये, त्याने हात वर करायचा. एक हात पुरे आहे. ड्रायव्हर पुढच्या तुकडीत जाईल, पुन्हा शिकेल."

सांगून काय उपयोग? किती तुकड्या झाल्या, हात एकही वर गेला नव्हता. ड्रायव्हर ड्रायव्हरच्या पोटावर पाय देत नाही. आज तुझं, उद्या माझं.

बसमध्ये चढताना धाकटी अण्णांपाशी थांबली.

"घाबरायचं नाही," अण्णा म्हणाले. "शिकवलंय तसं चालव. सायकलवाला दिसला की हॉर्न द्यायचा, तोच सरकतो. आपण वाट सोडायला लागलो की दिवसभर सोडतच बसायची."

"पाठ आहे, बाबा."

ती गेली. चौघांनी पॅडल मारायला सुरुवात केली. पाठीमागे, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, इंजिन घुरघुरलं.

भीती कुठे राहते हो माणसाच्या? कुणी म्हणेल छातीत, कुणी म्हणेल पोटात. छे! भीती राहते पाठीत. देवाने डोळे दिले ते पुढच्या बाजूला, आणि पाठ ठेवली त्याच्या भरवशावर, मागून येणाऱ्याच्या भरवशावर. अण्णांची उभी हयात मागून येणारा होण्यात गेली होती. आज पहिल्यांदा ते पुढे होते.

आवाज वाढत गेला. पायाखालची फरशी थरथरू लागली. मागे कुणीतरी "अरे देवा" म्हणालं, आणि मग हॉर्न वाजला, थेट मानेवर. अण्णांचं सगळं अंग सरकायला बघत होतं. पण सरकणार कुठे? सायकल खिळलेली, पलीकडे भिंत. हॉर्न पुन्हा वाजला. गरम वाफारा आला, आरसा कानावरून गेला आणि बसची कूस कोपराला घासत पुढे निघाली. ती संपेचना. खिडकी, पत्रा, खिडकी, पत्रा. एवढी लांब गाडी आपण रोज चालवतो? अण्णांनी डोळे मिटले. शेवटचं चाक पायाजवळून गेलं तेव्हा त्यांच्या तोंडातून देवाचं नावसुद्धा फुटलं नाही.

बस थांबली. मिश्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता, पण दोन्ही हात हँडलवर घट्ट. "झकास नेली पोरीने," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

धाकटीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. हसत होती. तिच्या तोंडावर कसलं सावट नव्हतं, आणि अण्णांचं काळीज तिथेच चरकलं. तिला काही कळलंच नव्हतं. तिच्या लेखी भिंतीलगत कुणी नव्हतंच. उद्या मोठ्या रस्त्यावरही नसणार.

"हात?" मॅडमनी विचारलं.

देवा, कुणाचा तरी वर जाऊ दे, माझा नको, अण्णा मनात म्हणाले. मिश्याचा जाऊ दे. मागच्या दोघांपैकी कुणाचाही. कुणी हललं नाही. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, आता "उत्तीर्ण" लिहिणार.

अण्णांनी हात वर केला.

"अण्णा!" मिश्या ओरडला. "डोकं खाजवतायत ते, मॅडम. उकाडा आहे ना."

मॅडम थांबल्या. "खाजवत होता का?"

एक 'हो' म्हटलं की भागत होतं. धाकटी बसमधून उतरून जवळ आली होती, बापाच्या हाताकडे बघत.

"नाही," अण्णा म्हणाले. हात तसाच वर होता.

"बाबा, तुम्ही शिकवलंत तसंच चालवलंय मी. शब्दन् शब्द."

"तसंच चालवलंस गं," अण्णा म्हणाले. "म्हणूनच."

"सख्ख्या पोरीला?" मागून कुणीतरी पुटपुटलं. "वैऱ्यावर नाही कुणी असं करत."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग अण्णांना म्हणाल्या, "हिला बस तुम्ही शिकवलीत?"

"मीच."

"मग तुमच्याही हाती आत्ता बस देता येणार नाही. उद्यापासून दोघंही वर्गात या."

मिश्या सायकलवरून उतरला. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

धाकटी तडक नळाकडे चालू लागली. अण्णा मागोमाग गेले. ती तोंडावर पाणी मारत होती, पुन्हा पुन्हा, रडणं कुणाला दिसू नये म्हणून.

"खोलीवाल्याशी मी बोलतो," अण्णा म्हणाले. "थोडं थांबेल तो."

"खोलीचं नाव काढू नका."

"बरं."

"वहिनीला काय सांगू? बापानेच पाडलं म्हणून?"

"हो. तसंच सांग."

तिने नळ बंद केला. वळली तेव्हा तिची नजर त्यांच्या बाहीवर गेली. बाही काळवंडली होती, कोपरापाशी फाटली होती.

"हे काय?"

"काही नाही."

"दाखवा म्हणते ना."

तिने बाही दुमडली. कातडं सोलवटलं होतं, रक्त पाझरत होतं. तिने गळ्यातली ओढणी नळाखाली भिजवली आणि हळूहळू पुसायला लागली. अण्णांनी दात आवळले, पण हात मागे घेतला नाही.

"मी केलं हे?" तिने खाली बघतच विचारलं.

अण्णांनी कोपर तिच्यापुढे तसंच धरून ठेवलं.

"उद्या वर्गात माझ्या शेजारी बसायचं नाही," ती म्हणाली. "सांगून ठेवते."

"मागे बसेन."

"मागे तर मुळीच नको." तिने ओढणी पिळली. "पुढे बसा. मला दिसाल असे."