पिठापेक्षा बारीक

पक्षाचं अधिवेशन आलं, की तिसा नदीकाठच्या आमच्या औषध कारखान्यात प्रत्येक तुकडीने संकल्प सोडायचा. पॅकिंगवाल्यांनी जास्त खोकी भरायचा सोडला. आम्ही दळणवाले. आमचा मुकादम गेलेर्त म्हणाला, "हृदयाच्या गोळीची भुकटी यंदा निम्म्याने बारीक दळू." टाळ्या पडल्या.

आमच्या यंत्रात हवेच्या झोताने कण एकमेकांवर आपटून फुटतात. आम्ही झोत वाढवला, तीच भुकटी दोनदा फिरवली. मानाचं निशाण आम्हाला मिळालं. त्या घाण्याच्या, म्हणजे त्या खेपेला दळलेल्या भुकटीच्या, गोळ्या गेलेर्तने सर्वांत आधी आपल्या आईला नेऊन दिल्या.

आठवड्याने म्हणाला, "म्हातारी जेवत नाही रे. म्हणते, दूध पिवळं दिसतं. बर्फसुद्धा."

"बरंय की, फुकटात रंग आला," मी म्हणालो. तेव्हा मी असले विनोद करत असे.

प्रयोगशाळेतल्या मार्गितबाई हसल्या नाहीत. "गाढवांनो, ही काय पाप्रिकाची पूड आहे? वजन तेच, पण इतके बारीक कण अंगात दुप्पट शोषले जातात. एक गोळी म्हणजे दोन! पिवळं दिसणं हे औषध जास्त झाल्याचंच लक्षण. तपासणीत आम्ही जाडे कण मोजतो, बारीकपणाला मर्यादाच नाही. मुकादमा, तू लिहून दे, मी आत्ता घाणा अडवते."

"आणि निशाण परत करू? अधिवेशनाच्या आठवड्यात?"

संध्याकाळी त्याने आईच्या गोळ्या तिसेत फेकल्या आणि जुन्या घाण्याच्या आणून दिल्या. चार दिवसांत दूध पांढरं झालं.

"मिटलं बघ," गेलेर्त म्हणाला. मी मान डोलावली. आमचा घाणा गाडीत चढून दुकानांत गेला.

मार्चमध्ये जुन्या गोळ्या संपल्या. मुलाला कशाला त्रास, म्हणून गेलेर्तची आई, बोरिश्काकाकू, स्वतःच चौकातल्या दुकानातून डबी घेऊन आल्या. दूध पुन्हा पिवळं झालं. मागच्या वेळी मुलगा फार घाबरला होता, म्हणून त्या बोलल्या नाहीत. डॉक्टरांना वाटलं, हृदय थकलंय. त्यांनी एकाच्या दोन गोळ्या केल्या.

काकू गेल्यावर उशाशी सापडलेली डबी गेलेर्तने मला दाखवली. तळाशी घाण्याचा क्रमांक होता. तो आमचाच घाणा होता.

आमच्या तुकडीची एक वही असे. तिच्यात सामुदायिक उपक्रम चिकटवायचे: नाटकाची तिकिटं, श्रमदानाचे फोटो. दफनही उपक्रमात धरलं जाई. हजेरी शंभर टक्के होती. गेलेर्तने आईच्या दफनाचा फोटो चिकटवला आणि विचारलं, "खाली काय लिहू?"

"तारीख लिही."

त्याने घाण्याचा क्रमांक लिहिला.

त्या वर्षी आमच्या वहीला पहिलं बक्षीस मिळालं. तो आकडा कसला, हे परीक्षकांपैकी कुणीही विचारलं नाही.