कॉर्नालिनची शेवटची बाटली

रविवारी दुपारी पाऊण वाजता टेरेन्स डाबरेने वाइनच्या थंड कपाटातून ती बाटली बाहेर काढली, तेव्हा तिला तिथे उभी ठेवून बरोबर बहात्तर तास झाले होते. हा हिशेब त्याचाच होता. पस्तीस वर्षं जुनी वाइन विमानातून आली की तिचा तळाचा गाळ सगळीकडे पसरतो. तो खाली बसायला तीन दिवस लागतात, आणि तोवर तिला कोणी हातही लावायचा नाही.

बाटली आणली होती मार्ग्रिट नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या स्विस बाईंनी. त्यांचे यजमान उर्स भूगर्भशास्त्रज्ञ होते. नव्वदच्या दशकात ओमानमधल्या रुस्ताक गावामागचे डोंगर त्यांनी पायी पालथे घातले होते आणि दर गुरुवारी ते मस्कतच्या याच हॉटेलात जेवायला यायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या गावी, आल्प्सच्या उतारावर, कॉर्नालिन नावाचं काळं द्राक्ष होतं. ते त्या डोंगरातलंच आहे, बाहेरून आणलेलं नाही. एके काळी त्याचे मोजकेच वेल उरले होते. त्यातले काही उर्सच्या वडिलांच्या मळ्यात होते. १९९०च्या वाइनची ही शेवटची बाटली, आणि ती मस्कतमध्ये उघडायची असं उर्स सांगून गेले होते.

टेरेन्स वसईचा. सव्वीस वर्षं तो या हॉटेलात वाइन वाढत होता, आणि त्यातली शेवटची चार वर्षं त्याला कशाचाही वास येत नव्हता.

करोनातून उठला त्या आठवड्यात मस्कतच्या माबेला भागातल्या घरी त्याची बायको हिल्डा बोंबील तळत होती आणि तो शेजारी उभा राहून म्हणाला, "आज जेवायला काय आहे?" हिल्डाने गॅस बंद केला आणि त्याच्याकडे बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आला नाही.

हिल्डा त्याच हॉटेलात केक-पेस्ट्रीच्या विभागात कामाला होती. तिथलं दार डायनिंग हॉलच्या मागच्या काउंटरला लागून होतं. दोघांनी रीत बसवली. टेरेन्स बाटली काउंटरवर उघडायचा, छोट्या ग्लासात घोटभर ओतायचा, दाराच्या फटीतून आत सारायचा. हिल्डा वास घ्यायची आणि तिच्या भाषेत सांगायची. "सुकेळी. भाजलेला काजू." टेरेन्स टेबलापाशी जाऊन इंग्रजीत म्हणायचा, सुकवलेलं फळ, किंचित भाजका गंध. पाहुणे माना डोलवायचे. बाटली बिघडलेली असली की आतून यायचं, "ओलं पोतं," आणि बाटली परत जायची. चार वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. मॅनेजर राजीवने तर गेल्या वर्षी त्याला सर्वांसमोर प्रमाणपत्र दिलं होतं. ते घरी कपाटात पालथं पडलेलं होतं.

आजही टेरेन्स बाटली घेऊन काउंटरकडे वळला तोच मार्ग्रिटबाई म्हणाल्या, "तिकडे नको. इथे, माझ्यासमोर उघडा. आणि तुम्हीही बसा."

राजीव खास पाहुण्यांसाठी स्वतः उभा होता. त्याने खुर्ची मागे ओढली. "बसा हो, टेरेन्स. मॅडम म्हणतायत तर."

टेरेन्स बसला. दोन पात्यांचा चिमटा त्याने बुचाच्या दोन्ही बाजूंनी मिलिमीटर मिलिमीटर खाली सारला. बूच अर्ध्यावर आलं आणि मोडलं. उरलेलं निघायला सात मिनिटं लागली. मग त्याने मेणबत्ती पेटवली. बाटलीचा गळा ज्योतीवर धरून तो काचेच्या सुरईत वाइन ओतू लागला. धार पातळ, अखंड. काळपट गाळाची रेघ गळ्याशी आली त्या क्षणी हात थांबला. सुरईतला रंग कडेला विटेसारखा आणि मध्ये माणकासारखा होता. इथवर सगळं डोळ्यांचं आणि हातांचं काम होतं.

मार्ग्रिटबाईंनी पहिला ग्लास त्याच्याकडे सरकवला.

"आमच्या घरची पद्धत आहे. जुन्या बाटलीचा पहिला वास परक्या माणसाने घ्यायचा. घरचा माणूस खोटं बोलतो, त्याला ती चांगलीच निघायला हवी असते. सांगा, जिवंत आहे की गेली?"

टेरेन्सने ग्लास उचलून नाकाशी नेला. काहीच नाही. काचेचा गारवा तेवढा नाकाला लागला. "छान आहे" म्हणणं सोपं होतं, आणि बहुधा कोणाला कळलंही नसतं. पण वाइन मेलेली असली तर ही बाई त्याच्या शब्दावर नवऱ्याच्या नावाने आंबलेलं पाणी पिणार होती. खरं बोलावं तर शेजारी राजीव उभा होता.

त्याने ग्लास खाली ठेवला.

"मॅडम, मला वास येत नाही. चार वर्षं झाली."

राजीवने आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग टेरेन्सकडे. "काय बोलताय तुम्ही? आणि रोज टेबलावर जे सांगता ते?"

"ते माझी बायको सांगते. दाराआडून. माझा फक्त आवाज."

"मग तिलाच बोलवा," मार्ग्रिटबाई म्हणाल्या. "तीही मला परकीच आहे."

हिल्डा हाताला मैदा लागलेला तशीच आली. टेरेन्सचा चेहरा बघून ती मराठीत पुटपुटली, "काय केलंस?"

"सांगितलं सगळं."

"खुळाच आहेस. मुलीचं कॉलेज संपेपर्यंत तरी थांबायचंस." तिने हात एप्रनला पुसले. "आण इकडे."

तिने ग्लास नाकाशी नेला, आणि गप्प झाली. एरवी तीन सेकंदांत निकाल देणारी हिल्डा. टेरेन्सने मनात मोजायला सुरुवात केली. वीस. तीस. तिचे डोळे मिटले होते. चाळिसाला ती बोलली, पण आवाज मिस्सेच्या प्रार्थनेत बोलतात तसा खाली गेलेला.

"जिवंत आहे. वाळवलेलं जांभूळ. लवंग." पुन्हा थांबली. "चर्चमध्ये अल्ताराच्या मागची खोली असते ना, फादर झगे चढवतात ती? मेण, जुनं लाकूड, धूप. तो वास." ग्लास तिने जरा हलवला. "थांब. याच्या खाली आणखी काहीतरी आहे. येतंय वर. टेरेन्स, ही बदलतेय रे. आत्ता होती तशी आता नाही."

"काय येतंय?"

"दगड. बावखल उपसताना सगळा चिखल निघाल्यावर तळाला गार दगड लागतो, तो. पाण्याखालचा."

टेरेन्सने इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं आणि सवयीने 'खनिज गंध' म्हणणार होता. म्हटलं नाही. त्याने बावखल म्हणजे काय ते सांगितलं: वसईतलं वाडीचं तळं, दर उन्हाळ्यात उपसायचं, तळाशी उतरलेल्या माणसाला वर काठावरची माणसं किती लहान दिसतात ते. फादरांची खोली सांगितली, जांभूळ सांगितलं. एकही शब्द बदलला नाही.



"आमचं तळघर हिरव्या खडकात खोदलेलं आहे," मार्ग्रिटबाई म्हणाल्या. "इथल्या डोंगरांतही तसलाच हिरवा खडक आहे. उर्स सांगायचा, दोन्हीकडचा खडक कधीकाळी समुद्राचा तळ होता. लोकांना वाटायचं, गंमत करतोय."

खिडकीबाहेर दुपारच्या उन्हात मस्कतचे काळे, उघडे डोंगर उभे होते. टेरेन्स ते सव्वीस वर्षं बघत होता. समुद्राचा तळ म्हणून आज पहिल्यांदा पाहिले.

बाईंनी चार ग्लास भरायला लावले, चौथा राजीवसाठी. टेरेन्सने घोट घेतला. वास नव्हताच. जिभेवर आधी आंबट आलं, मग तुरट, मग त्या तुरटपणाची धार गेली आणि मागे जे राहिलं त्याला त्याच्याकडे शब्द नव्हता. गिळल्यावरही ते गेलं नाही. पस्तीस वर्षं अंधारात पडून एखादी वस्तू इतकी शांत होऊ शकते, हे त्याने हजार वेळा पाहुण्यांना सांगितलं होतं. खरं वाटलं ते आज.

राजीवने ग्लास रिकामा केला आणि घसा साफ केला. "उद्या दहा वाजता केबिनमध्ये या. दोघंही."

"येतो, सर," टेरेन्स म्हणाला. पुढे काय होईल ते त्याला माहीत नव्हतं, आणि विचारावंसंही वाटलं नाही.

तो टेबल आवरू लागला. हिल्डा अजून तिथेच उभी होती, रिकामा ग्लास दोन्ही हातांत धरून, नाक आत घालून.

"दे तो. धुवायला न्यायचाय."

"थांब जरा," ती डोळे न उघडता म्हणाली. "अजून आहे."