शीग न लावलेले माप

मित्रांनो, माझी उंची तुमच्या अंगठ्याएवढी. खालून बंद, वरून उघडे असे मी एक जुने पितळी माप. पण माझ्यात कधी ज्वारी मोजली गेली नाही. मी ठासणीच्या बंदुकीच्या दारूचे माप आहे.

या बंदुकीला काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू ओतायची, मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी बसवायची आणि गजाने ठासायची. दारू किती घालायची हे दर वेळी माणसालाच ठरवावे लागते. कमी पडली तर गोळी निशाणापर्यंत पोचत नाही. जास्त झाली तर काय होते, ते मी पुढे सांगते.

पाचोडच्या फकिराबाबांना ही बंदूक वडिलांकडून मिळाली. पिकाच्या राखणीसाठी तिचा परवाना होता. पण वडील माप न सांगताच गेले. मग बाबा गोळी तळहातावर ठेवत आणि ती झाकेपर्यंत दारू ओतत. त्यावर हौसेने आणखी एक चिमूट. खळ्यावर धान्य मोजताना पायलीवर शीग लावायची, उंच टोक येईपर्यंत भरायची, सपाट माप देणारा माणूस हलका समजायचा, अशी त्या घराची रीत. तीच रीत त्यांनी दारूला लावली. गोळीही निवडली ती लांबुडकी आणि जड.

एके दिवशी बार झाला. खांद्याला असा धक्का बसला की बाबा मागे बसले. बंदुकीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्या गोळीला फिरवून सरळ नेतात. दारूचा जोर फार झाला, गोळीने खाचा सोडल्या आणि ती बांध सोडून शेजारच्या कडुबाच्या शेतातल्या बुजगावण्याचे मडके फोडून गेली. कडुबा तिथून चार हातांवर उभा होता.

"फकिरा, माझ्या बुजगावण्यानं तुझं काय घोडं मारलं व्हतं रं?" तो ओरडला. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. चार हात म्हणजे काय, हे त्यांना कळले होते.

तेव्हा बाबांचे नुकतेच लग्न झाले होते आणि त्यांच्या पत्नी द्वारकाबाई त्या घरात नव्याने आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बंदुकीच्या तोंडापुढे जमिनीवर पांढरे धोतर अंथरले. बार झाल्यावर धोतरावर काळे दाणे पडले होते.

"आवो, ही बघा, दारू न जळताच भाईर पडली. जळतच नाय तर घालता कशाला?"

"तू मला बंदूक शिकवती व्हय?"

"मी धोतर धुणार हाय. म्हणून इचारते."

त्या धोतरावर माझा जन्म झाला. बाबांनी पितळी नळीचा एक तुकडा खालून बंद करून घेतला. माझ्यात दारू मोजायची, बार काढायचा, धोतर पाहायचे आणि कानशीने माझा काठ थोडा घासायचा. पुन्हा बार, पुन्हा धोतर. जड गोळी सोडून त्यांनी गोल गोळी घेतली. तिच्यासाठी द्वारकाबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या करडईच्या तेलात भिजवून दिल्या. पाचव्या दिवशी धोतर स्वच्छ राहिले आणि बांधाला टेकवलेल्या फळीवर तीन भोके पडली, तिन्ही एका भाकरीखाली झाकतील अशी. त्या दिवशी कानस थांबली. म्हणून माझ्या आत खूण नाही. माझा काठ हीच खूण. काठापर्यंत भरायचे आणि वरची शीग अंगठ्याने पुसून टाकायची.

चाळीसहून अधिक वर्षे मी बाबांच्या खिशात राहिले. रानडुकरे बाराच्या आवाजाने पळत, पण निशाण खरे असल्याशिवाय बंदूक शेतात न्यायची नाही, असा बाबांचा नियम होता. गावात कुणी कौतुक केले की ते मला काढून दाखवत.

मग बाबा गेले. निवडणुका आल्या, नियमाप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली आणि पुढे कुणी ती आणायला गेले नाही. द्वारकाबाई मुलीकडे शहरात राहायला आल्या, क्रांती चौकाजवळ. येताना त्यांनी मला लुगड्याच्या घडीत आणले आणि चहापत्तीच्या डब्यात ठेवले. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला वाईट वाटले. कुठे शेतातला बार आणि कुठे चहा! पण द्वारकाबाईंचा हात बदलला नाही. पत्ती भरली की त्यांचा अंगठा माझ्या काठावरून फिरे.

"आजी, चहातपण चिंगूसपणा?" त्यांची नात श्रेया रोज चिडवायची.

"मापात राहिलं की चव राहती," म्हणत त्या तिच्याच हातात मला देत. हळूहळू चहा तीच करू लागली.

श्रेया कॉलेजात नेमबाजी शिकली होती. यंदा पाचोडच्या मक्यात डुकरे फार शिरली, तेव्हा खटपट करून तिने परवाना आपल्या नावावर करून घेतला. बंदूक तपासणारा म्हणाला, "नळी धड हाय, पर म्हातारी हाय. दारूचा लोड जास्त देऊ नका. चेहऱ्यापाशीच फुटंल."

मला पुसून, उन्हात वाळवून पाचोडला नेले. द्वारकाबाई दूर लिंबाखाली बसल्या. आता त्यांना लांबचे दिसत नाही. पाचोडची शेती पाहणारा श्रेयाचा मामा सोमनाथ दारू मोजायला बसला. तो खळ्यावर वाढलेला. त्याने मला शिगोशीग भरले.

"मामा, आजी म्हणाली होती काठापर्यंत."

"काठापर्यंत मोजून कुणाचं भलं झालंय का? पहिलाच बार हाय, हात आखडता घेऊ नको. घे."

मी शिगेसकट श्रेयाच्या तळहातावर आले. पुढे तिचा गाल त्या नळीमागच्या दस्त्याला टेकणार होता. मला ओरडता येत नव्हते. मोठे माणूस देतेय, नाही कसे म्हणावे, असे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण रोज सकाळी चहा करताना हात जे करायचा, तेच त्याने आताही केले. तिचा अंगठा माझ्या काठावरून फिरला. काळी शीग खालच्या कागदावर सांडली.

"आता चिमूटभर राहिली की!" मामा कुरकुरला.

श्रेयाने पांढरी ओढणी जमिनीवर अंथरली. गोळी ठासली. बार झाला. धूर गेल्यावर मामाच खाली वाकला. ओढणीवर एकही काळा दाणा नव्हता. फळीवर भोक होते. मामाने कागदावरची दारू पाहिली, मग श्रेयाचा गाल पाहिला आणि ती डबीत परत भरली.

लिंबाखालून हाक आली, "शीग काढली का गं?"

"काढली, आजी!"

"मंग चहा ठिव!"

मित्रांनो, तुमच्याही घरात असे एखादे जुने माप असेल. ते घासूनपुसून ठेवा, पण त्याचा काठ झिजवू नका. आणि ज्यांना ते वापरता येते, त्यांच्या हाताकडे लक्ष द्या. त्या दिवशी चहासाठी वेगळा चमचा घेतला गेला. मी कोरड्या फडक्यात गुंडाळून श्रेयाच्या खिशात होते.