वाळूच्या माथ्यावरचा हात

मी क्वाड बाईक बोलतेय. माझं हँडल मोटरसायकलसारखं आहे आणि खाली चार फुगीर चाकं आहेत. वर ना छप्पर, ना दार. डांबरी रस्त्यावर माझ्यासारखीला कुणी विचारत नाही. मला वाळू लागते, आणि वाळू माझ्या वाट्याला भरपूर आली. जपानमधल्या कारखान्यातून निघून मी जहाजाने ओमानला पोचले आणि बिदिया गावच्या खल्फानने मला त्याच्या मुलासाठी विकत घेतलं.

खल्फान शर्यतीचे उंट पाळणारा माणूस. पहिल्या दिवशी त्याने माझ्याभोवती फेरी मारली आणि नाक मुरडलं.

"उंटाला निदान जीव असतो. पुढे खड्डा दिसला की तो थांबतो. ही बया थांबणार आहे का?"

"बाबा, तुमचा उंट थुंकतो," त्याचा मुलगा अझ्झान म्हणाला.

"ही धूर सोडते, त्याचं काय?"

सगळे हसले. अझ्झानची आई झुवैना तेवढी हसली नाही. तिने माझ्या पेट्रोलच्या टाकीवर तळहात ठेवला, पुटपुटत दुआ म्हटली आणि आत निघून गेली.

अझ्झानबरोबर नेहमी मुहन्ना असायचा. मुहन्ना हा झुवैनाच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. त्याला जन्म देतानाच ती बहीण गेली. तेव्हा झुवैनाच्या मांडीवर अझ्झान होता. तिने दुसऱ्या मांडीवर मुहन्नाला घेतलं आणि दोघांना एकदमच पाजलं. आमच्याकडे एका दुधावर वाढलेली मुलं सख्खी भावंडं समजतात. त्यामुळे मुहन्ना झुवैनाला 'माय' म्हणायचा, आणि अझ्झानची बहीण शमसा त्याच्यासमोर बुरखा घेत नसे. तो झोपायला वाळवंटाच्या कडेला, त्याच्या वडिलांच्या, म्हणजे सुलैमच्या घरी जाई. जेवायला मात्र खल्फानच्याच घरी. झुवैना अजूनही त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढून द्यायची, कारण लहानपणी एकदा त्याच्या घशात काटा अडकला होता. मिसरूड फुटलेला गडी ताटापुढे निमूट वाट बघत बसायचा आणि अझ्झान त्याला चिडवायचा, "चावून देऊ का रे, बाळा?"

मुहन्नाकडे एक जुनी निळी क्वाड होती. शुक्रवारची नमाज झाली की दोघं मोठ्या टेकडीकडे निघत. तिथे पोचल्यावर आधी चाकांतली हवा कमी करायची, म्हणजे चाकं वाळूवर पसरतात आणि रुतत नाहीत. मग खेळ सुरू. टेकडीची उभी बाजू एका दमात चढून माथा गाठायचा. बहुतेक जण निम्म्यात थकून मागे घसरत. माणसांची एक गंमत मी तिथे पाहिली. जो घसरायचा तो दोष गाडीला द्यायचा, आणि जो पोचायचा तो स्वतःच्याच छातीवर थाप मारायचा.

मला याचा राग येत नसे. वर जाताना पोटात जी आग पेटायची, तिच्यासाठीच तर मी जन्मले होते.

शमसालाही मला चालवायचा नाद लागला. टेकडीमागच्या खोलगट जागेत, लोकांच्या नजरेआड, अझ्झानने तिला शिकवलं.

"दात कशाला दाखवतेस? वाळू खाशील!"

"तू रोज खातोस. तुला काय झालंय?"

खरं सांगते, तिचा तोल भावापेक्षा चांगला होता. अझ्झान हँडलशी भांडायचा. ती नुसती त्या बाजूला कलायची आणि मी वळायचे.

या खेळात एकच गोष्ट घातकी असते. वर चढणाऱ्याला माथ्यापलीकडचं काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक गाडीच्या मागे एक उंच, लवचीक काठी असते आणि तिच्या टोकाला नारिंगी झेंडा. गाडी दिसायच्या आधी झेंडा दिसतो. शिवाय एक जण माथ्यावर उभा राहतो. पलीकडे कुणी असेल तर तो दोन्ही हातांची फुली करतो. वाट मोकळी असेल तर एक हात उंच करून खालच्याला बोलावतो.

त्या शुक्रवारी वारा सुटला होता. बाकीची पोरं फिरकलीच नाहीत. आले ते हे तिघंच; शमसा घरची जीप घेऊन आली होती. पहिल्याच चढाईत मुहन्नाच्या गाडीची काठी तुटली.

"घरून दुसरी आण," अझ्झान म्हणाला.

"आता कोण जाणार? शमसा आहे ना वर," असं म्हणून मुहन्ना माथा ओलांडून पलीकडे उतरला. तळाशी वळून त्याच बाजूने तो पुन्हा चढणार होता. अझ्झान मला घेऊन अलीकडच्या पायथ्याशी थांबला.

पलीकडे त्याचं इंजिन बंद पडलं. आवाज थांबला तसं शमसाला वाटलं, गडी खाली थांबला. ती आमच्याकडे वळली. वाऱ्याने तिची ओढणी तोंडावर येत होती आणि ती हसत होती. तेवढ्यात मुहन्नाने इंजिन परत चालू केलं. पण वारा आमच्याकडून त्याच्या दिशेला वाहत होता. तिला काहीच ऐकू गेलं नाही.

तिने उजवा हात उंच केला.

अझ्झानने माझा कान पिळला आणि मी सुसाट निघाले. इतक्या वेगात मी कधी चढले नव्हते. मला माथ्यावर तिचा हात दिसत होता आणि त्याच्या शेजारी मोकळं आकाश. मग त्या आकाशातून दोन निळी चाकं वर आली.

धडक बसल्यावर मी उलटी होऊन घरंगळले. अझ्झान माझ्याखाली होता. मी खूप जड आहे. याहून जास्त मला सांगवत नाही.

मुहन्नाचा खांदा निखळला होता. तशा हाताने त्याने एकट्याने मला उचलून बाजूला लोटलं. दोघांनी मिळून अझ्झानला जीपमध्ये घातलं. डांबरी रस्ता लागायच्या आत तो गेला, असं मला नंतर कळलं.

पोलीस आले तेव्हा मी तिथेच आडवी पडले होते. मुहन्ना त्यांना घेऊन आला होता. शमसाही आली होती.

"माझ्या गाडीला झेंडा नव्हता," मुहन्ना म्हणाला. "मी येतोय हे त्याला दिसणं शक्यच नव्हतं. चूक माझी आहे."

"माथ्यावर कोण उभं होतं?"

"कुणी नव्हतं."

शमसाने बोलायला तोंड उघडलं. मुहन्नाने तिच्याकडे एकदाच पाहिलं, आणि ते तोंड मिटलं.

खल्फानने पोलिसांना सांगितलं की आपली कुणाविरुद्ध तक्रार नाही. पण झुवैनाचं तसं नव्हतं. दुखवट्याला मुहन्ना आला आणि अंगणाच्या कुंपणापाशी उभा राहिला. सगळ्या बायकांदेखत ती त्याला म्हणाली, "माझं दूध प्यालास आणि माझाच मुलगा खाल्लास. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

तो कुंपणापासूनच मागे वळला. मग दूर दक्षिणेला, दुक्मच्या बंदरावर कामाला निघून गेला.

मला शेळ्यांच्या गोठ्यामागे आणून टाकलं. उन्हाने माझी सीट तडकली. करडं माझ्यावर उड्या मारत. रोज सकाळी शेळ्यांना चारा घालताना झुवैना मुहन्नाला शिव्या द्यायची. त्याचे हात झडोत, त्याला तहान लागावी आणि पाणी मिळू नये, असं काय काय. शमसा शेजारीच पाण्याचं टमरेल घेऊन उभी असायची. तिचा चेहरा दिवसेंदिवस राखेसारखा होत गेला.

एका दुपारी झुवैना लोखंडी पहार घेऊन आली. पहिला घाव माझ्या दिव्यावर बसला. दुसरा उचलला तोच शमसा धावत आली आणि मध्ये उभी राहिली.

"आई, हिची चूक नाही. मुहन्नाचीही नाही. मी..."

"गप्प बस."

"मी वर उभी होते. मीच हात..."

"गप्प बस म्हणते ना!" झुवैनाने पहार खाली टाकली. मग ती माझ्या चाकाला टेकून बसली आणि अगदी हळू आवाजात बोलली. "मला ठाऊक आहे."

शमसाही खाली वाळूत बसली.

"त्या दिवसापासून तू कुणाला हात करून बोलावलं नाहीस. शेळ्यांना नाही, मामाच्या गाडीला नाही. उजवा हात सारखा ओढणीखाली. आईला दिसत नाही होय? दुखवट्यातच कळलं मला."

"मग तू त्याला का बोलतेस? रोज का बोलतेस?"

"मग कुणाला बोलू? तुला बोलू?" झुवैनाचा आवाज फाटला. "एक गेला. तुझ्यावर बोट आलं तर गाव तुला जगू देईल? तो पुरुष आहे, कुठेही जाऊन पोट भरेल. तुला ठेवायला मी त्याला टाकलं. आता उगाच बोलून माझा तो मुलगा फुकट घालवू नकोस."

ती उठली आणि पहार उचलून घरात गेली. शमसा संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बसून होती. ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यात पेट्रोल ओतलं. माझं हँडल वाकडं झालं होतं आणि तेल सगळं गळून गेलं होतं. तरी मी सुरू झाले. झुवैना दारातून ओरडली, "शमसा! कुठे निघालीस?" शमसाने मागे वळून पाहिलं नाही. भरदिवसा, सगळ्या गावासमोरून ती मला घेऊन सुलैमच्या घरी निघाली. त्याच्या अंगणात पोचले आणि माझं इंजिन कायमचं जाम झालं.

सुलैमने तिला चटईवर बसवलं, खजूर पुढे ठेवले. तिने एकालाही हात लावला नाही. जे घडलं ते तिने पहिल्यापासून सांगितलं. म्हाताऱ्याने हातातली कॉफीची वाटी खाली ठेवली.

"म्हणजे माझं पोरगं..." एवढंच तो म्हणाला. मग त्याने फोन लावला आणि दोघांना ऐकू येईल असा मध्ये ठेवला.

सगळं कळल्यावर मुहन्ना पलीकडून म्हणाला,

"शमसा, कशाला सांगितलंस?"

"माझ्याच्याने राहवेना."

"माय रोज मला शिव्या देते का गं?"

"रोज."

"मग देऊ दे की. त्यावर तिचा दिवस निघतो. तो आधार काढून घेतलास तर ती काय करेल?"

"तू परत ये."

"परत येऊन बसू कुठे? त्याच ताटाशी, त्याच्या रिकाम्या जागेजवळ? मला घास गिळवेल का?" तो म्हणाला. "बाबा, तिला घरी पोचवा," आणि फोन बंद झाला.

सुलैम तिला घेऊन गेला आणि खल्फानला सगळं सांगून आला. गावात कुजबुज झाली. शमसाचं एक ठरत आलेलं लग्न मोडलं. खल्फानने उंट विकून टाकले. झुवैनाने मुलीशी बोलणं सोडलं.

मग ईद आली. खल्फान आणि झुवैना सुलैमकडे आले. झुवैना माझ्याजवळच अंथरलेल्या चटईवर बसली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. कॉफी निवून गेली.

"तिकडे मासेच खावे लागत असतील," ती एकदम म्हणाली. नाव तिने घेतलं नाही.

"हो. बंदरावर दुसरं काय मिळणार?" सुलैम म्हणाला.

"काटे?"

"कोण काढून देणार, झुवैना? मोठा झालाय आता तो."

"मोठा झालाय म्हणे," असं पुटपुटत तिने ओढणी तोंडावर ओढली. तिचे खांदे बराच वेळ हलत होते.

निघताना सुलैमने विचारलं, "काही निरोप सांगू का?"

"नको," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. गाडी फाटकाबाहेर पडली, थांबली. काच खाली आली. "सांगा त्याला, जपून खा म्हणावं."

त्यालाही आता बरेच दिवस झाले. माझी चाकं बसली आहेत, साखळीला गंज चढलाय. मोठ्या टेकडीवरची ती जागाही उरलेली नाही. वाऱ्याने माथा कुठल्या कुठे सरकवला. गावातली पोरं येतात, मला विकत मागतात, दुरुस्त करू म्हणतात. सुलैम त्यांना हाकलून देतो आणि मला ते बरं वाटतं. तुम्हीही कधी असे माथ्यावर उभे राहिलात, तर कुणाला वर बोलावण्याआधी मागे वळून बघा.

शमसा अधूनमधून येते आणि सुलैमला घरचं सांगते. आई आता शेळ्यांना मुकाट्याने चारा घालते म्हणे. मुहन्ना अजून आलेला नाही. तुमच्यापैकी कुणी दुक्मच्या बंदराकडे गेलात, तर माझं एवढं काम करा. त्याला गाठा आणि सांगा, घरच्या शिव्या थांबल्या आहेत.