दालमिलच्या पाळण्याचा हेवा

मित्रांनो, मला सगळेच जुना म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणतो. मी एक जुना सागवानी पाळणा आहे आणि सध्या उदगीरच्या एका दालमिलमध्ये, बारदानाच्या थप्पीशेजारी पडून आहे. पाळण्याचं दालमिलमध्ये काय काम, असं तुम्हाला वाटेल. तेच तर सांगायचं आहे. पण आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव हेवेखोर आहे. दुसऱ्याचं कौतुक झालेलं मला बघवत नाही. ज्याचं स्वतःचं फार कौतुक झालेलं असतं, त्याचं बहुधा असंच होतं.

माझं लाकूड किनवटकडच्या जंगलातलं. सुताराने माझ्या चारही कोपऱ्यांवर राघू कोरले, त्यांना हिरवा रंग दिला आणि चोची लाल केल्या. त्यातल्या एका राघूची चोच पुढे एका पोराने चावून चावून खाल्ली, पण ते जाऊ द्या. मी एखाद्या चांगल्या घरात बारशाला जाईन, असं मला वाटत होतं. मला चढवलं ते दालमिलच्या टेम्पोत. वाटेत मी फार चिडलो होतो.

या मिलचे मालक तेव्हा गुरुपादप्पा होते. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. त्यांच्याकडे डाळ निवडायला बायका यायच्या. त्यात लक्ष्मम्मा नावाची एक बाई होती. ती आपल्या तान्ह्या पोरीला मिलबाहेरच्या लिंबाला झोळी बांधून ठेवायची. एकदा झोळीत लाल मुंग्या शिरल्या. पोरीचं अंग सुजलं आणि लक्ष्मम्माने कामावर येणं बंद केलं. गुरुपादप्पा स्वतः तिच्या दारात गेले.

"काय गं तंगी," ते म्हणाले. इकडे धाकट्या बहिणीला कानडीत तंगी म्हणतात. "लेकरू काय मुंग्यांना द्यायला आणीत होतीस का? आत आण त्येला. मिल काय माझ्या एकट्याची हाय का?"

आणि मग मी आलो. डाळ निवडायच्या शेडमध्ये मधल्या आढ्याला मला टांगलं. बायका सुपं घेऊन खाली ओळीने बसायच्या. माझी दोरी त्या ओळीतून पार शेवटपर्यंत सोडलेली असायची. जिचे हात डाळीत, तिच्या पायाचा अंगठा दोरीत. एक दमली की दोरी दुसरीच्या अंगठ्याकडे जायची. लेकरू कुणाचंही असो, झोका सगळ्यांचा.

माझं नाव झालं, मित्रांनो! दुसऱ्या मिलमधल्या बाया विचारायच्या, "तुमच्याकडं जागा हाय का गं?" काही जणींना तर लेकरूही नव्हतं, तरी त्यांना आमच्याचकडे यायचं होतं. मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळे. अजूनही थोडंसं तसंच वाटतं.

नंतर गुरुपादप्पा गेले. डाळीतला डाग ओळखणारं यंत्र आलं, त्यामागून पट्टा आला. बायका आता बसत नाहीत, पट्ट्याशी उभ्या राहतात. शेवटची नजर त्यांची, पिशव्या भरणं त्यांचं. मिल आता गुरुपादप्पांची नात मंजुश्री चालवते. पोरगी हुशार आहे, मेहनती आहे, पण तिला एक खोड आहे. शेजाऱ्याने काय केलं ते बघितल्याशिवाय तिला जेवण जात नाही. या बाबतीत आमचं चांगलं जमायला हवं होतं.

आमच्या समोर, रस्त्यापलीकडे, एक मोठी कंपनी उभी राहिली. तिनेही डाळीच्याच पिशव्या भरायला सुरुवात केली. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या उद्योजकांची एक संघटना आहे. ती दरवर्षी ठरवते की काम करायला सगळ्यात चांगली जागा कोणती. त्या वर्षी समोरच्या कंपनीच्या फाटकावर पितळी पाटी चढली. कारण काय, तर त्यांचं पाळणाघर! भिंतीवर निळे हत्ती, खाली मऊ गाद्या, थंड हवा. आमच्या बायका रस्त्यातून येता-जाता माना वळवून बघायच्या आणि शेडमध्ये येऊन हसत हसत मला सांगायच्या. मला म्हणजे एकमेकींना, पण मी वरच टांगलेला होतो, ऐकू तर येणारच. माझ्या कड्या जळायच्या. हत्ती काढले म्हणजे काय झालं? त्यातल्या एका तरी हत्तीला झोका देता येतो का?

हळूहळू आमच्या काही जणी समोर गेल्या. राहिलेल्यांमध्ये रुक्मिणबाई होती. तिची दोन्ही पोरं माझ्यातच वाढली होती. आणि ज्ञानेश्वरी होती, नायगावची लेक, उदगीरची सून. तिचा मुलगा माउली तेव्हा माझ्यात झोपायचा. ज्ञानेश्वरीला पिशव्या भरायचं नवं यंत्र हाती घ्यायचं होतं. मंजुश्रीने तिला तसा शब्दही दिला होता. घरात ज्याला त्याला ती सांगत सुटली होती की मी आता मशीन चालवणार.

पण माउलीला खोकला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, डाळीच्या भुशाच्या धुळीत बाळ ठेवू नका. मला फार राग आला. इतकी पोरं धुळीतच वाढली की! पण माझं कोण ऐकतं? मंजुश्रीने तर ते ऐकून टाळीच वाजवली, समोरच्यासारखं पाळणाघर करायला तिला निमित्तच मिळालं. शेडच्या मागे एक जुनी खोली होती. ती रंगवली, हत्तीऐवजी ससे काढले, गाद्या आणल्या, मुलं सांभाळायला दानम्मा नावाची प्रेमळ बाई ठेवली. आणि दारावर नियम लावला, थेट समोरच्या कंपनीतून उचललेला. लेकरांच्या आयांनी फक्त जेवणाच्या सुट्टीत आत यायचं. मध्येच आई दिसली की मुलं जास्त रडतात, असं म्हणे.

मला फेकलं नाही. फेकलं असतं तर एक बरं झालं असतं. मला त्या खोलीच्या दाराबाहेर शोभेला टांगलं, कड्यांना कागदी झेंडू बांधले. आतून गाद्यांवर लोळणाऱ्या पोरांचे आवाज यायचे आणि मी बाहेर रिकामा. खोटं कशाला बोलू, माउलीचा खोकला चार-आठ दिवसांत थांबला, तेव्हा मला आनंद झाला नाही.

पण तो रडायचा. सकाळी आई गेली की रडायचा, मध्येच जाग आली की रडायचा. दानम्मा त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायची, "अप्पी, उगी, उगी," असं कानडीत लाडाने म्हणायची. त्याला आई हवी असायची. पट्ट्याचा खडखडाट एवढा की भिंतीपलीकडे ज्ञानेश्वरीला काहीच कळायचं नाही. ते रडणं फक्त मला आणि दानम्माला ऐकू यायचं. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, बघा म्हटलं, माझ्याशिवाय झोपतो का! पुढे मात्र बरं वाटेनासं झालं. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

जेवणाची घंटा झाली की ज्ञानेश्वरी पळत यायची. तिचं पोलकं दुधाने भिजलेलं असायचं आणि माउली रडून रडून झोपी गेलेला असायचा. एकदा ती माझ्या शेजारीच भिंतीला टेकून बसली आणि रुक्मिणबाईला म्हणाली, "मावशी, मी आता काम सोडून देणार. घरीच बसते."

"आन् मशीनचं काय गं? एवढं शिकलीस की."

"मशीन काय करू? माझं ध्यान कुठं राहतंय? दिवसभर वाटतंय की ते रडायलंय. रडत नसलं तरी वाटतंय."

"समोर जातीस का मग?"

"तिथं बी हाच नियम हाय. माझी जाऊ तिथंच हाय की. ती बी रोज अशीच पळत जाती."

हे ऐकून मला जरा गार वाटलं. म्हणजे त्या पितळी पाटीच्या मागेही कुणीतरी असंच पळत होतं.

त्याच आठवड्यात संघटनेची माणसं पाटीसाठी आमची मिल बघायला आली. त्यांच्यात नांदेडच्या एक मॅडम होत्या, हसऱ्या, बोलक्या. मंजुश्री त्यांना यंत्र दाखवत, पट्टा दाखवत माझ्यापर्यंत घेऊन आली. बायकाही मागे उभ्या होत्या. "किती सुंदर जुना पाळणा!" मॅडम म्हणाल्या. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझं कौतुक केलं, मी तर हरखूनच गेलो. फोटोसाठी त्यांनी हात लावला आणि मला एक झोका दिला.

"अगं बया, हलवू नका! रिकामा पाळणा हलवू नका!" रुक्मिणबाई केवढ्यांदा ओरडली.

तुम्हाला तुमच्या घरीही सांगितलं असेल. रिकामा पाळणा हलवला की लेकराचं पोट दुखतं, असं आमच्याकडे मानतात. मॅडम गडबडल्या, हात मागे घेतला, पण मी तर झुलतच होतो. ज्ञानेश्वरीचा चेहरा पांढरा पडला. तिचं लेकरू भिंतीपलीकडेच होतं ना! तिने इकडे तिकडे बघितलं, पळत जाऊन पट्ट्यावरून तूरडाळीची एक भरलेली पिशवी उचलली आणि आणून माझ्यात निजवली. पाळणा आता रिकामा नव्हता. सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि मग सगळे हसायला लागले. माझ्या कुशीत कितीतरी लेकरं वाढली, मित्रांनो, आणि आता तिथे डाळ!

मॅडमही हसल्या. मग त्यांनी ज्ञानेश्वरीला सहज विचारलं, "बाळ आत आहे ना तुमचं? रडलं तर तुम्हाला कळतं का?"

मंजुश्रीने ज्ञानेश्वरीकडे बघितलं. ते बघणं मी ओळखतो. घरी पाहुणे आल्यावर आई पोरांकडे बघते, तसं. पण ज्ञानेश्वरी अजून घाबरलेलीच होती, आणि घाबरलेल्या माणसाला गोड बोलायचं सुचत नाही.

"न्हाई कळत, मॅडम," ती म्हणाली. "पट्ट्याच्या आवाजात काय बी ऐकू येत न्हाई. सुट्टीत कळतंय, रडून झोपल्यावर."

दानम्माने मान खाली घातली. पाहुण्यांनी चहा घेतला आणि ते गेले. पाटी त्या वर्षीही समोरच्याच कंपनीला मिळाली.

बायका ज्ञानेश्वरीवर चिडल्या. "हातातोंडाशी आलेलं घालवलंस बघ," असं तिला तोंडावर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ती माउलीला कडेवर घेऊन आली ती काम सोडायच्या तयारीनेच, आपला डबा आणि चप्पल घेऊन जायला. मंजुश्री पट्ट्याशी उभी होती. डोक्याला रुमाल, हात डाळीत. ती ज्ञानेश्वरीला म्हणाली, "तू आज आत बस, माउलीजवळ. तुझी जागा मी बघते." ज्ञानेश्वरीला काही कळेना. ती आत जाऊन बसली. थोड्या वेळाने दुसऱ्या एका बाईचं बाळ आत रडायला लागलं. दानम्माने त्याला घेतलं, ज्ञानेश्वरीने घेतलं, तरी ते थांबेना. ते खूप वेळ रडलं. सुट्टी झाल्यावर मंजुश्री आली आणि तिने विचारलं, "कुणी रडलं का आज?"

"लई रडलं, ताई. सोमेश रडला, बराच वेळ."

"मला न्हाई ऐकू आलं," मंजुश्री म्हणाली. एरवी ती अगदी शहरी बोलते, पण त्या वेळी तिच्या तोंडी आजोबांची बोली आली. ती तशीच गादीवर बसली. "मी सकाळपासून कान देऊन उभी होते गं, आन् मला न्हाई ऐकू आलं."

संध्याकाळी गवंडी आला. मला वाटलं, झालं! ही खोली पाडतात आणि मला परत शेडमध्ये नेतात. मी माझे कागदी झेंडू सावरून तयार राहिलो. गवंड्याने मला काढून बारदानावर टाकलं आणि भिंत फोडली. पण खोली पाडली नाही. शेड आणि खोली यांच्यामध्ये एक मोठी खिडकी केली, तिला जाड काच बसवली. धूळ इकडची इकडेच राहिली. पट्ट्याशी उभ्या असलेल्या बाईला नुसती मान वर केली की आपलं लेकरू दिसायला लागलं. दारावरचा नियम मंजुश्रीने स्वतःच्या हाताने काढला आणि बायकांना सांगितलं, लेकरू रडलं की जा, मला विचारायचं नाही, शेजारणीने जागा सांभाळायची.

एवढ्या कष्टाने केलेली गोष्ट, पण तिच्यावर ना पाटी ना बक्षीस. तरी समोर गेलेल्या दोघी जणी परत आल्या. ज्ञानेश्वरी आता ते नवं यंत्र चालवते.

मी बारदानावर पडलेलो आहे. इथून मला सगळं दिसतं. काल माउली झोपेतून उठला आणि रडायला लागला. ज्ञानेश्वरीने काचेतून बघितलं, रुक्मिणबाईला कोपराने ढोसलं आणि ती गेली. रुक्मिणबाई तिच्या जागेवर सरकली. आईने उचलताच माउली गप्प झाला, अगदी लगेच. मी आजवर समजत होतो की पोरं माझ्या झोक्याने गप्प होतात.

मला वाईट वाटलं, मित्रांनो. मला त्या काचेचा हेवा वाटतो. त्या रंगवलेल्या सशांचाही वाटतो. माझ्यात बाळ ठेवू नका, धूळ वाईट असते, ते मला आता पटलं आहे. पण मला असं लाकडासारखं टाकूनही देऊ नका. जिच्या घरात पाळणा नाही, अशी मिलमधली एखादी बाई बाळंत होईल, तेव्हा तिच्या घरी मला पाठवा. मी अजून मजबूत आहे.

आणि तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी मिल काढेल, कुणी दुकान, कुणी कंपनी. फाटकावर कुठली पाटी लावायची ते मग ठरवा. कामाला येणाऱ्या बाईला आधी एवढंच विचारा, की बाई, तुझं लेकरू आत्ता कुठं आहे, आणि तिला उत्तर द्यायला भीती वाटत असेल, तर तुमच्या मिलमध्ये अजून काहीतरी चुकतं आहे, असं समजा.