टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला तेव्हा

हॉस्पिटलमागची सांडपाण्याची टाकी सांभाळायचं काम पंपवाल्याकडे होतं. साथ आल्यापासून वॉर्डातलं पाणी क्लोरीन मिसळल्याशिवाय नाल्यात सोडायचं नाही, असा हुकूम होता. आणि तो नाला पुढे त्याच्याच घरामागून जायचा. घरात बायको, सातवा महिना लागलेली. त्याचा जीव सतत टांगणीला.

त्या सकाळी त्याने टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेऊन तपासणीचे थेंब टाकले. क्लोरीन असलं की पाणी पिवळं व्हायचं. आज झालं नाही. वाकून वास घेतला, तर वासही नाही. त्याने ब्लीचिंग पावडर ओतली, ढवळली, पुन्हा ओतली. डोळे चुरचुरत होते, पण ते जागरणाने असेल म्हणून सोडून दिलं. नळीतलं पाणी तसंच. शेवटी त्याने नाल्याकडचा व्हॉल्व्ह घट्ट आवळला आणि टाकीभोवती येरझाऱ्या घालू लागला.

फोन वाजला. पलीकडे त्याची थोरली बहीण. ती याच हॉस्पिटलात नर्स होती.

"अरे, तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतंय! काय केलंस?"

"ताई, पाण्यात क्लोरीनच नाही. सोडू कसं?"

"मग पेशंटच्या खाटांखाली सोडतोस का? उघड आधी!"

व्हॉल्व्ह उघडून तो तळमजल्याच्या वॉर्डात धावला. अंगभर सूट चढवून दोघांनी फरशीवर ब्लीचचं पाणी ओतलं. पण त्याला कुठला धीर? लगेच फडकं उचललं.

"थांब की जरा!" ताई ओरडली. "विषाणूंना मरायला तरी वेळ दे."

पुसून झाल्यावर ती टाकी बघायला आली आणि लांबूनच नाकावर हात धरला. "किती ओतलंयस? मास्कमधूनही नाक झोंबतंय."

"मला तर काहीच..." तो बोलता बोलता थांबला.

ताईने थेंबांची बाटली फिरवून पाहिली. मुदत केव्हाच संपली होती.

"थेंब बाद झालेत," ती हळूच म्हणाली, "आणि तुझं नाक गेलंय. चल, आधी तुझी तपासणी करू."

संध्याकाळी त्याच वॉर्डातल्या खाटेवरून त्याने बायकोला फोन केला.

"कशाकशाला हात लावलास ते सांग, पुसून काढते."

"सगळ्यालाच. पण तू वाकू नकोस. खिडक्या उघड. ब्लीचची वाफ—"

"तू आता स्वस्थ पडतोस का?"

तो कसला पडतोय! तिचा रिपोर्ट येईपर्यंत कूस बदलून बदलून त्याने चादरीची दोरी केली. रिपोर्ट चांगला आल्याचं ताईने खाटेशी येऊन सांगितलं, ते त्याने तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग भिंतीकडे तोंड केलं आणि आलेला हुंदका खोकल्यात दडवला.