चंद्रप्पांच्या तिकीटपेटीचा हेवा

माझं झाकण आता नीट लागत नाही. एक बिजागरी तर तारेनं बांधली आहे. तरी मित्रांनो, थोडा वेळ माझं ऐका. मी एसटीच्या कंडक्टरची जुनी, पत्र्याची तिकीटपेटी आहे. देगलूर, नायगाव, नांदेड या रस्त्यावर मी चंद्रप्पांच्या काखेत कितीतरी वर्षं फिरले. माझ्या कप्प्यांत रंगीत तिकिटांच्या गड्ड्या असत. न बघता, नुसतं बोटानं चंद्रप्पा हवं ते तिकीट काढत.

"पेटी हाय म्हणून मी हाय," असं ते ड्रायव्हरला म्हणत आणि मी मनातून फुगून जाई.

पुढे तिकिटं छापणारं यंत्र आलं. मी भंगारात निघाले, पण चंद्रप्पांनी मला मागून घेऊन घरी आणलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. आता मीच लाडकी, असं मला वाटलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांची मुलगी रुद्राणी लातूरहून आली. ती तिथे क्लासमध्ये गणित शिकवते. कर वाचावा म्हणून तिनं अप्पांचे दीड लाख रुपये शेअर बाजारातल्या एका फंडात घातले. तीन वर्षं ते काढता येणार नव्हते. फंडाचा आकडा फोनवर दिसे. सकाळी चहाआधी चंद्रप्पा फोन हातात घेत, चष्मा पुसून आकडा बघत आणि हसत. त्यांच्या पत्नी अंबिकाबाईंनी तर फोनला मखमली पिशवी शिवली. माझ्यावरची धूळ कुणी झटकत नव्हतं. मी जळत होते, मित्रांनो. अगदी आतून जळत होते.

टाळेबंदीत बाजार कोसळला. दीड लाखांचे लाखभर उरले. चंद्रप्पांनी फोन उपडा ठेवला, आणि मला आनंद झाला. हो, आनंद! पण त्याच दिवशी त्यांचं जेवण तसंच राहिलं. माझ्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

आकडा हळूहळू वर आला. तीन वर्षांची मुदत संपली, तोवर सव्वादोन लाख झाले होते. इकडे अंबिकाबाईंना भिंत धरल्याशिवाय चालता येईना. डॉक्टर म्हणाले, आधी साखर आटोक्यात आणा, वर्षभरानं गुडघा बदलू.

त्याच सुमारास बँकांचं व्याज वाढू लागलं. बँकेतून येऊन चंद्रप्पा म्हणाले, "रुद्राणी, फंड मोड. म्हाताऱ्यांना पावणेआठ टक्के देऊन राहिले. वर्षाची एफडी करू."

"अप्पा, आत्ता कुठं वाढून राहिलंय. राहू द्या ना. नफा लाखाच्या आत हाय, काढला तरी कर न्हाई, हे खरं. पण वर्षभरात आणखी वाढंल."

"आन् पडलं तर? तवा पडलं हुतं की. तुझ्या अव्वाचा गुडघा बाजार चढायची वाट बघंल का?"

रुद्राणीनं फोन घेतला आणि फंड मोडला.

एफडीची पावती आली. मी झाकण उघडं टाकून वाट बघत होते. चंद्रप्पांनी ती कपाटात ठेवली, आणि मी आता कपाटाचाही हेवा करू लागले! माझा स्वभावच तसा.

वर्षानं व्याजासकट पैसे हातात आले. लातूरला ऑपरेशन झालं. महिन्याभरानं अंबिकाबाई काठी न घेता चालून बघत होत्या. चार पावलांवर तोल गेला आणि आधारासाठी त्यांचा हात खिडकीच्या कट्ट्यावर, माझ्यावर पडला. कपाट लांब होतं, फोन चार्जिंगला होता. मी गंजलेले कोपरे कट्ट्याला रोवून उभी राहिले.

"अवो, बघा, चालले मी!" त्या ओरडल्या.

मित्रांनो, हेव्यात माझी बरीच वर्षं गेली. तुमची घालवू नका. घरात कुणाचं काय दुखतं, तिकडे आधी बघा. तो हात माझ्यावर होता तेवढा वेळ मला कुणाचाच हेवा वाटला नाही.